मऊ करून सांगितलेलं

वॉटफर्ड
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय एलिशेबा,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान माझ्या अक्षराला नावं ठेवण्यात घालवलंस, म्हणजे तब्येत उत्तम आहे. हे मोठ्या अक्षरात लिहितेय, भिंग बाजूला ठेव. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवर तुझी बोटं वळत नाहीत, म्हणून सत्तरीत दोघींनी वॉटफर्ड ते स्टॅनमोर टपालाने बोलायचं. चालायचंच.

कौन्सिलच्या हाउसिंगमध्ये तीस वर्षं काढून आता शाळेत कशाला जातेस, असं विचारलं आहेस. घरात मला कोणी काही विचारत नाही म्हणून, हे खरं उत्तर. मंगळवारी आणि गुरुवारी मुलांना वर्गात सोडलं की त्यांच्या आया लायब्ररीच्या मागच्या खोलीत येतात. दोन अफगाणी, एक रुमानियन, दोन तमिळ आणि आपली एक मराठी. त्यांना शाळेत फोन कसा करायचा, डॉक्टरची वेळ कशी मागायची, समोरचा भरभर बोलला तर त्याला थांबवायचं कसं, एवढं शिकवायचं. मी आत गेले की सगळ्या उठून उभ्या राहतात. नको म्हटलं तरी राहतात, आणि मला ते आवडतं, हेही तुला सांगून टाकते.

मराठी आहे ती आशा, बीडकडची. नवरा ज्ञानेश्वर इथे एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्यांची ईशिता साडेचार वर्षांची. ऑगस्टच्या शेवटी पोरीला मेंदूज्वर झाला. दहा दिवस हॉस्पिटलात होती, अगदी मरणाच्या दारातून परत आली. काल त्यांना डॉक्टरांनी बोलावलं होतं. ज्ञानेश्वरला सुटी मिळेना, म्हणून आशाबरोबर मी गेले. आमच्या वर्गाचा नियम असा की स्वयंसेवकांनी फक्त इंग्रजी शिकवायचं, दुभाष्याचं काम करायचं नाही. वर्गाचं बघणाऱ्या मीनलने तो कागद भिंतीवरच लावलाय. पण नियम भिंतीवर असतात आणि माणूस समोर खुर्चीत बसलेला असतो. डॉक्टरीणबाई फोनवरून दुभाषा घ्यायचं म्हणत होत्या, मीच म्हटलं, कशाला, मी आहे की.

बाई बारा मिनिटं बोलल्या, मी आशाला चार वाक्यांत सांगितलं. पोरगी धोक्याबाहेर आहे. देवाची कृपा झाली. कानांची एक तपासणी राहिलीय. काळजी करू नकोस. आशा माझे हात धरून रडली गं.

तपासणी या शुक्रवारी होती. पण आशाने तुळजाभवानीला नवस बोललाय. तो फेडल्याशिवाय लेकराला पुन्हा त्या हॉस्पिटलच्या दारात न्यायचं नाही, असं तिच्या मनाने घेतलंय. पुढच्या गुरुवारी, पंचवीस तारखेला, तिघं विमानाने निघताहेत. तिने विचारलं, काकू, तपासणी नंतर केली तर चालेल ना? मी लगेच हॉस्पिटलला फोन लावला आणि सत्तावीस ऑक्टोबरची तारीख घेतली. पाच मिनिटांचं काम.

तुझ्या गुडघ्याचं काय ते लिही.

तुझी
वैजयंती


स्टॅनमोर
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय वैजू,

अक्षर सुधारलं आहे. गुडघा आहे तिथेच आहे. तुझ्यासाठी बाया उठून उभ्या राहतात हे वाचून हसले. माझ्या घरात आता मी उठून उभी राहिले तरी बातमी होते.

आता हसणं बाजूला ठेवते. मी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची पत्रं टाइप केली, हे तू विसरली नसशील. मेंदूज्वरातून उठलेल्या मुलांची पत्रंही त्यात असायची. त्या पत्रांवर घाईचा शिक्का असे आणि ती मी जेवण बाजूला ठेवून टाइप करत असे. या तापाने काही मुलांचे कान जातात. नुसते जात नाहीत, आत शंखासारखा जो भाग असतो तो हाडाने भरून यायला लागतो, कधी कधी काही आठवड्यांत. भरला की मग ऐकण्याचं यंत्र बसवायची तार आत जात नाही. म्हणून तपासणी चार आठवड्यांच्या आत करायची असते. ही 'राहिलेली एक तपासणी' नाही.

तेव्हा मला सरळ लिही. डॉक्टर बारा मिनिटं काय बोलल्या? त्यांनी ऐकू येण्याबद्दल काही सांगितलं का? पोरगी हाक मारल्यावर वळते का? आणि आशाला यातलं नक्की किती माहीत आहे?

उलट टपाली उत्तर दे. फुलं, हवा, शेजारीण, काही नको.

एलिशेबा


वॉटफर्ड
२० सप्टेंबर २०२५

प्रिय एलिशेबा,

तुझं पत्र म्हणजे उलटतपासणीच होती. असो, तुझा स्वभाव मला नवा नाही.

डॉक्टर पुष्कळ काही बोलल्या. इथल्या डॉक्टरांची पद्धत तुला ठाऊक आहे, लाखात एकाला होणारंही ते तोंडावर सांगतात आणि वर कागद देतात. हो, कानांचं त्या बोलल्या. लवकर करा असंही म्हणाल्या असतील. पण तिथे बसलेली आई कशी होती ते तू पाहिलं नाहीस. दहा दिवस खुर्चीत झोपलेली, तोंडावर रया नाही. त्या बाईला मी म्हणू, की तुझी लेक वाचली खरी, पण बहिरी झाली असेल? आपल्यात असं कोणी सांगतं का? आधी माणसाला सावरू द्यावं, मग हळूहळू कानावर घालावं. माझ्या आईने असंच केलं, तिच्या आईने असंच केलं. आजाऱ्याला आणि आईला वाईट बातमी घोटाघोटाने द्यायची असते.

तू विचारलंस म्हणून सांगते. गुरुवारी आशाने ईशिताला वर्गात आणलं होतं. पोर तिकडे तोंड करून चित्र रंगवत बसली होती. पांढरा फळा स्टँडवरून निसटून पडला. आम्ही सगळ्या दचकलो, रुमानियन बाईने तर छातीवर क्रूस काढला. ईशिता रंगवत राहिली. मुलं तल्लीन होतात गं. आशा म्हणते, हॉस्पिटलातून आल्यापासून रुसलीय, हाक मारली तरी बघत नाही. मी म्हटलं, इतक्या सुया टोचल्यावर कोण नाही रुसणार.

पाच आठवड्यांनी तपासणी आहेच. नवस फेडून आली की आशाचं मनही घट्ट झालेलं असेल. तेव्हा मीच तिला नीट समजावून सांगेन. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस, तुझं ब्लडप्रेशर वाढेल.

वैजयंती


स्टॅनमोर
२२ सप्टेंबर २०२५

वैजयंती,

हे पत्र शानीच्या हाती देतेय. ती दारात गाडी घेऊन उभी आहे. माझ्या लेकीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा काय लिहिलंय ते तिला कळणार नाही. आज संध्याकाळी आमचं यहुदी नवं वर्ष सुरू होतं, नव्याचा सण लागतो. मग दोन दिवस लिहायला मनाई, मी पेन हातात धरणार नाही, आणि तोपर्यंत थांबणं शक्य नाही.

फळा पडला आणि पोर वळली नाही, हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. लिहितानाही तुला कळलं नाही, की कळूनही पुढे लिहीत गेलीस?

जे चौदा वर्षं बोलले नाही ते आज बोलते.

ठाण्याला आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी गेले होते. इकडे ऍरनला हॉस्पिटलात नेलं. बायको ठाण्यात आणि लेक मँचेस्टरला परीक्षेत, म्हणून घरच्यांच्या जागी तुझं नाव दिलेलं होतं. मी रोज तुला फोन करायची आणि तू रोज सांगायचीस, कावीळ आहे, उतरतेय, तू आईकडे बघ. नऊ दिवस. दहाव्या दिवशी विमानतळावरून मी थेट वॉर्डात आले तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता. नंतर त्याची फाइल मी मागवून घेतली. हॉस्पिटलात काम करत होते, फाइल वाचता येते मला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तुला बसवून, तो यातून उठणार नाही, हे सगळं सांगितल्याची नोंद त्यात आहे. 'मैत्रिणीला कल्पना दिली.' तारीख, वेळ, सही.

तुझ्यावर मी कधी ओरडले नाही, कारण तूच त्याचं तोंड पुसलंस, तूच रात्रंदिवस बसलीस. पण ते नऊ दिवस माझे होते, वैजू. ते तू कोणाला विचारून घेतलेस? मी कोलमडले असते, विमानात ओक्साबोक्शी रडले असते, आईला तशी टाकून आल्याबद्दल भावाने मला आयुष्यभर बोल लावला असता. सगळं चाललं असतं. मी त्याच्याशी बोलले असते.

तुला वाटतं तू माणसाला सावरायला वेळ देतेस. तू स्वतःला वेळ देतेस. समोरच्याचा चेहरा पडलेला तुला बघवत नाही, एवढंच ते असतं.

उद्या आशाच्या घरी जा. तिला बसव आणि डॉक्टर जे बोलल्या ते सगळं सांग. विमान परवाच्या दुसऱ्या दिवशी आहे. तू गेली नाहीस तर माझा सण संपताच मी टॅक्सी करून येईन आणि वॉटफर्डमधलं एकेक दार वाजवून त्या बाईला शोधेन.

एलिशेबा


वॉटफर्ड
२५ सप्टेंबर २०२५

एलिशेबा,

मी गेले.

शानीने पत्र दिलं तेव्हा ते मी उभ्याउभ्याच वाचलं. ती विचारत होती, मावशी, आर यू ओके? मी तिला चहासुद्धा विचारला नाही. त्याबद्दल तिची माफी माग. तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीला आज उत्तर देत नाही. देता येत नाही.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर आशाबरोबर तिच्या घरी गेले. दुकानावरची एक खोली, बॅगा उघड्या पडलेल्या, वर देवीची हिरवी साडी आणि खण ठेवलेला. ज्ञानेश्वर कामावर निघायच्या तयारीत होता, त्याला थांबवलं. आशाने माझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की ताटलीत काढली. मी म्हटलं, आधी बस.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या की दोन्ही कान गेले असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणाल्या होत्या की आत हाड भरत जातं, म्हणून एकेक दिवस मोलाचा आहे. म्हणाल्या होत्या की शुक्रवारची तारीख चुकवू नका, काहीही झालं तरी. आणि तुला लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. मी तारीख बदलायला फोन केला तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं होतं, घाई का आहे ते आईला समजलंय ना? मी 'हो' म्हटलं होतं.

आशा उठली, ईशिताच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळहात जोरात आपटले. पुन्हा आपटले. मग भांड्यावर पळी वाजवली. पोरगी तिच्या बाहुलीचे केस विंचरत होती. आशा तिथेच खाली बसली.

ज्ञानेश्वर मला म्हणाला, "मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. मराठी तर येत होतं ना?"

मी हॉस्पिटलला फोन लावायला पर्स उघडली. आशाने माझा मोबाइल बाजूला सारला आणि स्वतःचा घेतला. वर्गात घोकून घेतलेली वाक्यं ती एकेक करून म्हणाली. प्लीज स्पीक स्लोली. माय डॉटर कॅनॉट हिअर. आय नीड द फर्स्ट अपॉइंटमेंट. तिला तिसऱ्या माणसाकडे जोडलं, मग चौथ्या. चाळीस मिनिटं ती उभी होती. शेवटी तीस तारीख मिळाली, मंगळवार. फोन ठेवताना तिने मराठी दुभाषीही मागून घेतली. शुक्रवारची पहिली तारीख धरली तर अकरा दिवस गेले, माझ्या हाताने.

ज्ञानेश्वर देवीच्या नवसाचं काहीतरी पुटपुटला, तर ती म्हणाली, "देवीला मी सांगते थांबायला. ती आई आहे, तिला कळेल." आणि साडी घडी करून कपाटात ठेवली. आज त्यांचं विमान गेलं, रिकाम्या तीन खुर्च्या घेऊन.

काल मी आपणहून मीनलला सगळं सांगितलं. ती इथेच जन्मलेली, मराठी जेमतेम बोलते. म्हणाली, "आंटी, तुमचा हेतू चांगली होती, आय नो. पण मला हे वर कळवावं लागेल." चौकशी होईपर्यंत मी वर्गावर जायचं नाही. खोलीची किल्ली देऊन आले. आता कोणी उठून उभं राहणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

वैजयंती


स्टॅनमोर
२९ सप्टेंबर २०२५

प्रिय वैजू,

परवा संध्याकाळी आमचा मोठा उपास लागतो. माझी आजी त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, कारण त्या दिवशी दारं लावून बसायचं आणि बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही. पण दारं लावण्याआधी ज्याची त्याची माफी मागायची आणि ज्याला त्याला माफी द्यायची, ही रीत. दर वर्षी मी यादी करते आणि दर वर्षी तुझं नाव गाळून पुढे जाते. या वर्षी गाळलं नाही.

तू गेलीस. तोंडावर सांगितलंस, किल्ली देऊन आलीस. ज्या बाईला मी इतकी वर्षं ओळखते तिला हे किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. म्हणून ते नऊ दिवस मी तुला माफ करते, मनापासून. आणि मागच्या पत्रात जे लागट बोलले त्याची माफी मागते.

एका गोष्टीचा मला नेहमी आधार वाटत आलाय, तीही आज लिहिते. तू जशी मला सांगितलं नाहीस तशी त्यालाही सांगितलं नसणार. त्याला वाटत राहिलं असेल की कावीळ उतरतेय आणि मी सावकाश येईन. तो माझी वाट बघत गेला नाही. तेवढं तुझ्या त्या सवयीने त्याला वाचवलं. हे आठवलं की मला झोप लागते.

उद्या ईशिताची तपासणी. लगेच कळव.

तुझीच
एलिशेबा


स्टॅनमोर
२३ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैजू,

उपास सुटला, तुमची दिवाळी आली नि गेली. तुझं पत्र नाही, करंज्या नाहीत. शानीने फोन केला तर बरी आहे म्हणालीस आणि ठेवून दिलास. पोरीचं काय झालं?

तू गप्प बसलीस की मला भीती वाटते. तुझी गप्प बसण्याची तऱ्हा आता मला चांगली कळते. जे असेल ते लिही.

एलिशेबा


वॉटफर्ड
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय एलिशेबा,

तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

आधी ईशिताचं. तपासणीत कळलं की उजव्या कानाला काहीच येत नाही, डाव्याला नसल्यासारखंच. तिला लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि एकवीस ऑक्टोबरला दोन्ही कानांचं ऑपरेशन झालं. डावीकडे तार पूर्ण आत गेली. उजवीकडे हाड भरू लागलं होतं, तार अर्धीच गेली.

हे मला परक्याकडून कळलेलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दुपारी आशा दारात उभी राहिली. मी तिला आत ये म्हणायलाही धजले नाही, तीच आली. कागदावर तिने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत लिहिले होते, ते इंग्रजीत कसे विचारायचे ते हवं होतं. निघताना म्हणाली, "काकू, हॉस्पिटलात तुम्ही या. पण बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आणि इथून पुढे मला काही कळलं तर ते आहे तसं सांगायचं. रडायचं ते माझं मी रडेन, ते काम तुम्ही करू नका."

म्हणून मी गेले आणि नुसती बसले. दुभाषी बाई नाशिककडची होती. डॉक्टर एक वाक्य बोलायचे, ती एक वाक्य बोलायची, कमी नाही, जास्त नाही. आशाने स्वतःच्या इंग्रजीत विचारलं, आम्ही पहिल्या तारखेला आलो असतो तर उजवा कान वाचला असता का? माझ्याकडे तिने पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित हो, कदाचित नाही, या दुखण्यात दिवसांना फार महत्त्व असतं. दुभाषीने ते तसंच्या तसं मराठीत सांगितलं, 'कदाचित हो' सुद्धा. आशाने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. हे 'कदाचित' मी मरेपर्यंत माझ्याबरोबर राहणार आहे. आशा कोसळली नाही, एलिशेबा. मी समजत होते ती कोसळेल.

परवा यंत्र सुरू केलं. आशाने मागून "ईशू" म्हटलं. पोरगी भेदरली, कान दाबून भोकाड पसरलं. तिथल्या बाईने सांगितलं, आवाज अजून विचित्र वाटत असणार, शिकावं लागेल, वर्ष-दोन वर्षं लागतील. पण ती वळली. आधी वळली आणि मग रडली.

आता तुझं.

तू मला माफी दिलीस ती मी खिशात घालून सात आठवडे हिंडले. चांगली ऊब होती. ती तशीच ठेवली असती तर तुला झोप लागत राहिली असती, मलाही. तू मागितलेली नाही ती बातमी देऊ की नको, यावर फार डोकं खाल्लं. मग वाटलं, हाच तो विचार, याच विचाराने मी दर वेळी सुरुवात करते.

ऍरनला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "वैजू, हे परत फिरणारं दुखणं नाही ना?" मी म्हटलं, दोन आठवड्यांत घरी जाशील. तो हसला. म्हणाला, "बरं. तर मग एलिशेबाला बोलावून घे. मला तिच्याशी बोलायचंय." मी बोलावते म्हटलं. बाहेर येऊन तुला फोन केला आणि सांगितलं की कावीळ उतरतेय. तू आईच्या ऑपरेशनचं सांगत होतीस, तुझा आवाज थकलेला होता. उद्या सांगू म्हटलं.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, निघाली का? मी म्हटलं, तिकीट मिळत नाहीये. पाचव्या दिवशी विचारलं. सहाव्या दिवशी विचारलं. दर वेळी मी तिकिटाचं सांगितलं. दार वाजलं की तो मान वळवायचा. तो तुझी वाट बघत होता, एलिशेबा. पूर्ण शुद्धीत, आठव्या दिवसाच्या दुपारपर्यंत. तू येत नाहीयेस आणि त्याला कारण तिकीट आहे, असं समजून तो गेला.

सातव्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, ती येईपर्यंत मला बोलता आलं नाही तर हे तिला सांग. आणि त्याने सांगितलं. फार नाही, पाच-सहा वाक्यं असतील. मी ती त्याच संध्याकाळी डायरीत उतरवून ठेवली. तुला सांगायची तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून ती वाक्यंही मी दाबून ठेवली. डायरी माझ्या कपाटात आहे. चौदा वर्षं तुझी वस्तू माझ्याकडे आहे.

यात मऊ केलेलं काही नाही. तुला जे करायचं ते कर.

वैजयंती


स्टॅनमोर
५ डिसेंबर २०२५

वैजयंती,

पंधरा दिवस लिहिता आलं नाही. शानीला घाबरवून सोडलं, जेवले नाही, कोणाशी बोलले नाही. आता झोप लागत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

मी जी माफी दिली ती दुसऱ्या गोष्टीची होती. या गोष्टीची मला देता येईल की नाही ते आज माहीत नाही. पुढच्या उपासापर्यंत वेळ आहे. मी तुला आशेवर ठेवत नाही, टाकूनही देत नाही.

रविवारी ये, अकरा वाजता. डायरी घेऊन ये. ती वाक्यं टपालाने पाठवू नकोस आणि मला वाचायलाही देऊ नकोस. तुझ्या तोंडून ऐकायची आहेत, कारण त्याने ती तुझ्याजवळ बोलून दाखवली होती.

बेल वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही. दार उघडं असेल. माझ्या डाव्या हाताला बस, त्या कानाने अजून थोडं ऐकू येतं. मोठ्याने बोल, सावकाश बोल, आणि तो बोलला तसंच सांग. मी रडले तर मध्ये थांबू नकोस.

एलिशेबा